यादीतून गळालेलं गाव

पारनेरकडचं एक गाव टँकरच्या यादीतून गळालं आणि आठ दिवस तिथे पाण्याचा थेंब पोचला नाही. बहात्तरच्या दुष्काळात ही चूक म्हणजे गुन्हाच होता.

यादी काढायचा नगरच्या एका संशोधन केंद्रातला कॉम्प्युटर. त्यासाठी राधाकृष्णाने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मशीनला हुकूम टाइप केला की कामाची प्रत्येक पायरी टेलिप्रिंटरच्या कागदावर नोंदली जाई. कुठे अडलं तर घंटा वाजून इशारा छापला जाई. एवढं असून ही नामुष्की! खासगी तपास करणाऱ्या आबासाहेबांना सगळं सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

"संशय कोणावर?"

"भागिरथीवर. मशीन तीच चालवते. इशारा आला असणार, तिने तेवढा कागद फाडला. तिला काढून टाका, असं मी लिहून दिलंय. केंद्राचे साहेब आज सही करतील."

आबासाहेबांनी टेलिप्रिंटरच्या कागदाची गुंडाळी उलगडली. कागद अखंड होता.

"माझ्या प्रोग्रामला नाव ठेवायला जागा नाही," राधाकृष्ण म्हणाला. "गेल्या आठवड्यात सोमवारी मुंबईचे पाहुणे मशीन बघायला दिवसभर बसले होते. एकदाही घंटा वाजली नाही!"

गावांची नावं मशीनला पुरवण्यासाठी छिद्रांच्या कागदी फिती तयार करणारा गोरक्षनाथ कबूल झाला. "त्या गावापाशी फीत फाटल्ती. घाईत तशीच दिली. फाटकं आलं की मशीन वरडतंयच की! रोज धा येळा वरडतं."

भागिरथी ताठ उभी होती. "पाव्हणे गेले त्याच्या दुसऱ्या दिशी, मंगळवारी यादी काढली. घंटा वाजलीच न्हाई. वाजली असती तर फीत बदलून घेतली असती."

आबासाहेबांनी तीच फीत पुन्हा चालवायला लावली. यादी आली. गाव नव्हतं आणि घंटाही वाजली नाही.

मग ते साहेबांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलले. "कागद अखंड, म्हणजे इशारा कोणी फाडला नाही. तो छापलाच गेला नाही. फिती रोज फाटतात, तरी सोमवारपासून कागदावर एकही इशारा नाही. म्हणजे प्रोग्रामलाच कोणीतरी गप्प केलं. ते लिहिणाऱ्याशिवाय कोणाला जमेल? राधाकृष्ण, पाहुण्यांसमोर घंटा का वाजली नाही?"

राधाकृष्णाला एकदम आठवलं. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून इशारे त्यानेच बंद केले होते. शाबासकीच्या भरात पुन्हा सुरू करायचं साफ विसरला. आणि बोट दाखवलं कोणाकडे! धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"चूक माझी आहे," तो कसाबसा म्हणाला. "भागिरथीबाई, मला माफ करा."

"माज्याकडं कशाला मागता, साहेब? त्या गावच्या बायांकडं मागा. भाईर त्यांच्यासाठी टँकर भरून उभा हाय."

साहेबांनी सही न करता पत्र बाजूला सारलं. राधाकृष्ण कोणाकडेही न बघता बाहेर पडला आणि टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.