पानिपताहून आलेला उंबरठा

वल्लरीनं सवयीनं पाय उंच उचलला, तो टेकायला जागाच सापडेना आणि ती तोल जाऊन थेट घरात कोसळली. म्हणजे कोसळलीच असती. पण आतून कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला. शर्टभर सिमेंट, केसांत चुना, आणि डोळे... डोळ्यांकडे बघायला तिला तेव्हा सवड कुठली!

“इथला उंबरठा कुठाय?”

“काढला, मॅडम. आजकाल सगळ्यांना सपाट फरशी हवी असते. इथे दिल्लीत, द्वारकेकडच्या नव्या सोसायट्यांत एकाही फ्लॅटला हा अडथळा नसतो.”

अडथळा! अरुणाआत्याचा सागवानी उंबरठा तो. आत्या रोज त्यावर हळदकुंकू वाहायची, आणि सुट्टीत आलेली वल्लरी चुकून त्यावर बसली की पाठीत धपाटा घालायची. आत्या गेली, आता उंबरठाही गेला.

“तुम्ही मराठी ना हो?”

“बिल्कुल! यशोधन. ठेकेदार संपतरावांचा पुतण्या. काकांचा पाय मोडलाय, म्हणून मी आलोय. पण दिल्लीतच वाढलो ना यार... सॉरी, मॅडम.”

“आणि ते लाकूड?”

त्यानं मान खाली घातली. लाकूड समोरच्या चहावाल्याच्या चुलीत गेलं होतं. वल्लरी त्या अनोळखी माणसासमोर चक्क रडली.

रडायला कारणही तसंच होतं. दिल्लीतल्या हिंदूराव टेकडीच्या उताराखालचं हे जुनं घर आत्यामागे तात्यारावांकडे, म्हणजे वल्लरीच्या वडिलांकडे आलं होतं. त्यांनी पुण्याहून फोनवर ठणकावलं होतं, “दिवाळीला येतोय. लक्ष्मीपूजन करण्याजोगं दिसलं तर ठेवू. नाहीतर बिल्डर तयारच आहे. तू गुडगावात नवा फ्लॅट घे, ऑफिसजवळ.” ऑफिसातही सगळे हेच म्हणत. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती भराभर उगवत होत्या. पडक्या घराचं खूळ एकट्या वल्लरीच्याच डोक्यात होतं.

घरानं मात्र तिची बाजू घ्यायची नाही असंच ठरवलेलं. आधी भिंतीतला जुना नळ फुटला आणि नवा रंग फुगून आला. मग छताची लोखंडी तुळई गंजलेली निघाली. ती बदलताना वरचा गिलावा खालच्या नव्या फरशीवर कोसळला. पार पानिपत! रोज संध्याकाळी गुडगावहून येताना वल्लरी बसमध्ये अंग चोरून बसायची. आज काय पडलं असेल? काय फुटलं असेल?

आणि... तो असेल ना?

हा दुसरा प्रश्न कधी आत शिरला, तिला कळलंच नाही. काम अडलं की जीव टांगणीला, आणि सुरळीत चाललं तरी जिवाला चैन नाही. काम संपलं की तो जाणार होता ना!

“आज काय पडलं?” ती दारातूनच विचारायची.

“आज काहीच नाही, मॅडम.”

“काहीच नाही?”

“तुम्ही तर नाराज दिसता! एखादी भिंत पाडू का?”

ती डोळे मोठे करायची. तो हसायचा. मग दोघंही उगीचच त्या ओल्या भिंतीकडे बघत बसायची.

दिवाळी तोंडावर आली आणि नेमका यशोधन गायब झाला. ना निरोप, ना फोन. तात्याराव उद्या सकाळच्या गाडीनं येणार, आणि दारात अजून नुसता खड्डा! वल्लरी आतबाहेर येरझाऱ्या घालत होती. त्याच्यावर चिडावं की त्याची काळजी करावी, हेच तिला ठरवता येईना.

दिवे लागायच्या सुमाराला गल्लीत टेम्पो थांबला.

“पानिपतला होतो,” यशोधन शिसवीची जाडजूड तुळई उतरवत म्हणाला. “तिथे एक जुनी हवेली पाडतायत. हा तिच्या दाराचा उंबरठा. सागवानी नाहीये, पण... माझ्यामुळे तुमचा जळला ना.”

मराठी माणूस पानिपताहून काही जिंकून आला, ही गोष्ट तशी नवलाचीच. वल्लरीला हसू आलं आणि डोळेही भरले.

त्यानं स्वतःच्या हातानं उंबरठा बसवला. बाहेर उकिडवा बसून तो कडेचं ओलं सिमेंट सारखं करू लागला.

“उद्यापासून मी द्वारकेला. मोठी सोसायटी आहे. इथलं राहिलेलं काकांची माणसं बघतील... चलो, निघतो मी.”

वल्लरी तडक आत गेली. आत्याचं पितळी माप तांदळानं भरून घेऊन आली आणि उंबरठ्यावर ठेवलं.

“ओलांड. उजवा पाय आधी.”

तो बघतच राहिला. “हे तर... नवरीसाठी असतं ना?”

“नव्यानं घरात येणाऱ्यासाठी असतं. घरात मी आहे. बाहेर कोण आहे?”

“पण तात्यासाहेब घर विकायचं म्हणाले तर?”

“ज्या घरात माप ओलांडून माणूस आलाय, ते घर तात्या विकतील असं वाटतं तुला?”

“...‘तुला’? ‘तुम्हाला’ नाही?”

“हो. तुला. मला आवडतोस तू. आता किती वेळ ताटकळत ठेवणार आहेस?”

यशोधननं चपला काढल्या. उजवा पाय मापाला जरा जोरातच लागला. माप कलंडलं, तांदूळ घरभर पसरले, आणि थोडे ओल्या सिमेंटला चिकटून बसले.

सकाळी तात्याराव दारात थांबले. वाकून त्यांनी सिमेंटमधले तांदूळ बघितले. मग लाजून लाल झालेल्या लेकीकडे बघितलं, आणि स्टेशनपासून आपली बॅग घेऊन आलेल्या त्या मुलाकडेही.

“बिल्डरला काय कळवू मग?” त्यांनी विचारलं.

यशोधन पुढे झाला आणि त्यानं त्यांचा हात धरला.

“आधी आत या, तात्या. जपून... उंबरठा आहे.”