रिकाम्या सॉकेटवर चाललेला कॉम्प्युटर

मी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आलोय. त्या रविवारी, दुपारी चारला, माझ्याच दुकानात जे घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगतो.

थोरली ताई तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा कॉम्प्युटर घेऊन आली होती. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र असलेला, जुना.

भाचीला जाऊन तीस वर्षं झाली. तेव्हा ती चौदाची होती.

माळा आवरताना ताईला तिची फ्लॉपी सापडली. तिच्यात काय आहे, तेवढं तिला बघायचं होतं.

मला ठाऊक होतं. मैत्रिणीने दिलेला चित्रं काढायचा प्रोग्राम.

त्या कॉम्प्युटरची सिस्टिम एका चिपमध्ये असायची. आवृत्ती बदलायची तर चिपच बदलावी लागायची. भाचीकडे होती १.२. प्रोग्रामला हवी होती १.३. आजारपणात अंथरुणावरून तिने माझ्याकडे हट्ट धरला होता. पुढच्या आठवड्यात नक्की आणतो, म्हणालो.

कामाच्या गडबडीत राहून गेलं...

आणि ती गेली.

मी पडदा जोडला, फ्लॉपी आत सरकवली, झाकण उघडलं आणि जुनी चिप तिच्या सॉकेटमधून उपसून टेबलावर ठेवली. १.३ काढायला कपाटाकडे वळलो.

खट्ट...

ताईने स्विच दाबला असेल म्हणून मी वळलो. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

चिपशिवाय पडद्यावर काही म्हणजे काही येत नाही.

तरी फ्लॉपी घरघरली... थांबली...

पडद्यावर आलं, आवृत्ती १.३.

खाली इंग्रजी अक्षरांत, एकेक करत...

मामा आणलीस का

कीबोर्डची एकही कळ हलत नव्हती.

मी कपाटापाशीच उभा राहिलो. ताईने मात्र खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने अक्षरं शोधत तिने लिहिलं, आणली गं.



मग पडदा विझला.

नंतर मी खरी चिप बसवली. कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला. फ्लॉपी मात्र कोरी निघाली.

निघताना ताई दारात थांबली. हळूच म्हणाली, "मी आपलं हो म्हणून टाकलं. काय आणायचं राहिलं होतं रे?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि कॉम्प्युटर तिथेच सोडून जिना उतरून गेली.

कॉम्प्युटर अजून माझ्याकडेच आहे. प्लग काढून ठेवलाय. तरी रविवारी दुपारी दुकानात एकटं बसवत नाही.