थांब जरा, येतंय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे खरं आहे. ताईला मी लहानपणापासून ओळखते. ती पराचा कावळा करणाऱ्यांतली नाही. कोणी भुताखेताचा विषय काढलाच, तर "आधी झोप पुरी कर" म्हणून त्यालाच गप्प करणारी.

ताई माझी मावसबहीण. हे घडलं तिच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत. आणि रात्री-बिरात्री नाही...

भर दुपारी.

म्हणून तर मला जास्त भीती वाटते. दिवा लावून घालवायची सोयच नाही.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मागच्या वर्षी अचानक गेले. फिरतीची नोकरी होती. निम्मा आठवडा घरी, निम्मा बाहेरगावी. तिकडेच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. घरी परत आली ती त्यांची बॅग, बोटातली अंगठी आणि लॅपटॉप.

मूलबाळ नव्हतं. ताईला फार हवं होतं. पण दाजी म्हणायचे, "आपण दोघं आहोत ना, सरकार? मध्ये तिसरं कशाला?"

ते तिला लाडानं सरकार म्हणायचे. सरकारनं ऐकलं त्यांचं. मुलासाठी ठेवलेल्या खोलीत मग जुनी सुटकेस, इस्त्रीचं टेबल आणि अडगळ साठत गेली.

दाजी गेल्यावर ताईनं त्याच खोलीत कामाला सुरुवात केली. पडदे विकणारी एक कंपनी आहे, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना घरबसल्या उत्तरं द्यायची. "फोटोत रंग वेगळा, घरात रंग वेगळा," असलं ऐकून घ्यायचं आणि गोड बोलायचं. सगळं काम नेटवर. लॅपटॉप दाजींचाच.

आणि तो हँग व्हायला लागला.

गंमत अशी, की पत्ते खेळा, हिशेब करा, जुने फोटो बघा... मख्खन. नेट लावून दोन पानं उघडली, की संपलं. बाण जागच्या जागी. पंखा घूंऽऽ करत सुटायचा आणि इकडे गिऱ्हाईक खवळायचं. साहेबांनी ताईला सांगून टाकलं, "हे असंच चाललं, तर आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

ताईचा दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्वतःचं दुकान आहे. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

डॉक्टर आला. नको त्या विंडो बंद केल्या. साठलेला कचरा पुसला. ब्राउझर बदलला. मेमरी वाढवली. लॅपटॉप दुकानात नेऊन दिवसभर नेटवर चालू ठेवला, तर एकदाही अडकला नाही. दवाखान्याच्या दारात दातदुखी थांबते ना, तसं. घरी आणून ताईसमोर ठेवला...

हँग.

"वहिनी, अडकला की हे बटण दाबून धरायचं. बंद करायचा, परत चालू करायचा," डॉक्टरनं हात टेकले. जाता जाता त्यानं शेवटचं म्हणून काहीतरी उघडून बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुम्ही काही पाठवताय का?"

"मी? माझे हात माझ्या मांडीवर आहेत, भाऊजी."

"एकही पान उघडं नाही. तरी काहीतरी बाहेर जायला बघतंय... आतून." त्यानं परत एकदा तपासलं. "व्हायरस असेल. मी फॉरमॅट मारतो. सगळं पुसलं जाईल, पण कटकट मिटेल."

ताई हो म्हणणारच होती.

तेवढ्यात तिला ते ऐकू आलं...

टक. टक-टक.

प्लॅस्टिकवर धातू आपटल्याचा आवाज. अगदी बारीक.

दाजींची सवय होती ती. पान उघडायला वेळ लागला, की लॅपटॉपच्या कडेवर बोटातली अंगठी आपटत बसायचे. अडकला तरी कधी बंद करायचे नाहीत. ताई वैतागली की म्हणायचे, "थांब जरा, येतंय."

डॉक्टरच्या बोटात अंगठी नव्हती. दाजींची अंगठी कपाटात होती. कुलूप लावलेल्या.

"फॉरमॅट नको," ताई म्हणाली.

"अहो पण नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे."

त्या दिवसापासून ताई बदलली. मला फोनवर सांगायची, "ते आहेत गं. मला सोडून गेलेले नाहीत." सांगताना आवाज इतका सुखी, की मी नुसतं हो हो म्हणायचे. ती लॅपटॉपपुढे बसून गप्पा मारायची. भाजी करपली, नळ गळतोय, शेजारीण बोलत नाही, सगळं सांगायची. आणि शेवटी एकच मागणं.

"एकदा सरकार म्हणा. एकदाच."

उत्तर यायचं नाही. नुसतं टक... टक-टक. मग गिऱ्हाइकांसाठी नाइलाजानं बटण दाबून लॅपटॉप बंद करावा लागायचा.

एका दुपारी तिच्या मनात आलं, आपलंच चुकतंय. दरवेळी आपणच त्यांचं तोंड बंद करतोय! त्यांनी कधी बंद केला होता? ते तर थांबायचे.

तिनं कामावर कळवलं, आज जमणार नाही. केस विंचरले. नेट लावलं, कामाचं पान उघडलं आणि बसली.

लॅपटॉप अडकला.

तिनं बटणाला हात लावला नाही.

पंखा घूंऽऽ करत राहिला. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. मग त्याचा आवाज तुटला. नळाचं ठिबकणं थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाचंसुद्धा काही ऐकू येईना...

टक. टक-टक.

आणि उत्तर लिहायच्या रिकाम्या चौकटीत अक्षरं उमटायला लागली. एकेक. सावकाश. दोन बोटांनी टाइप करायचे ना दाजी, तशी.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आता येणार. आता सरकार येणार...

*बाळ झोपलं का?*

तिनं परत वाचलं.

बाळ?

कसंबसं तिनं खाली टाइप केलं, "मी आहे. तुमची सरकार."

टक. टक-टक.

तिची अक्षरं पुसली जायला लागली. शेवटाकडून. सरकारमधला 'र' गेला, 'का' गेला... कोणीतरी शांतपणे, न चिडता, वाटेतला पसारा बाजूला करावा तसं. उरली ती पहिली ओळ. आणि मग पाठवायचं बटण आपोआप दाबलं गेलं.

कुठं गेला तो निरोप, देव जाणे.

पंखा थांबला. बाण हलायला लागला. लॅपटॉप मोकळा झाला आणि त्यानंतर एकदाही अडकला नाही. साहेब खूश. गिऱ्हाइकं खूश.

ताई मात्र आतून पार विझली. तेव्हा तिला कळलं, नेट लावल्यावरच तो का अडकायचा. तिच्याशी बोलायला कोणी येतच नव्हतं. बाहेर जायला रस्ता हवा होता, आणि त्या रस्त्यात ती बसली होती. इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही त्या माणसानं. जिवंतपणी फसवलं ते फसवलं, मेल्यावरसुद्धा तिच्याच घरात, तिच्याच समोर बसून फसवत होता. आणि ही वेडी केस विंचरून बसली होती!

काही दिवसांनी डॉक्टर आला. नेहमी दारातूनच बडबड सुरू करणारा माणूस, खाली मान घालून बसला.

"वहिनी, आज दुकानात एक बाई आल्या होत्या. बाहेरगावच्या. कडेवर लहान मूल. लॅपटॉप नेट लावला की हँग होतो म्हणाल्या. आत्ता आत्ताच व्हायला लागलाय."

ताईनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"वर म्हणाल्या, पण मूल त्याच्याजवळ ठेवलं की कसं गाढ झोपतं. मी विचारलं, इतक्या लांब माझ्याकडे कशा आलात? तर म्हणाल्या, मिस्टर सांगून गेलेत, काही बिघडलं तर याच दुकानात जा." डॉक्टरनं मान वर केली. "ते मूल काउंटरवर चमचा आपटत होतं, वहिनी. एकदा... मग दोनदा. दादासारखं. मला खरंच काही माहीत नव्हतं हो. तुमची शपथ."

"लॅपटॉप कुठाय तो?"

"दुकानात. तुम्ही तुमचा फॉरमॅट करू दिला नव्हता, म्हणून आलो विचारायला. हा... राहू देऊ का?"

ताईच्या डोळ्यांसमोर ते गाढ झोपणारं मूल आलं. तिनंच मला सांगितलं तसं. आलं, आणि तरीही ती म्हणाली,

"करून टाका. सगळं पुसा. काही ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई कोणाच्या तरी पडद्याच्या मापाचं उत्तर लिहीत होती. बाण हलेना. पंखा सुटला.

टक. टक-टक.

या वेळी आवाज जवळून आला. दारावर थाप मारतात तसा. पुन्हा पुन्हा. घाईघाईनं. आणि चौकटीत अक्षरं उमटली...

*सरकार*

वर्षभर ज्या शब्दासाठी ती रडली, तो शब्द.

*सरकार, मी आलोय*

ताईनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, "तिथं जागा राहिली नाही, म्हणून इथं?"

टक-टक. टक-टक. टक-टक.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि झाकण मिटलं.

कामासाठी तिनं डॉक्टरकडून दुसरा लॅपटॉप घेतला. जुना त्याच खोलीत आहे, इस्त्रीच्या टेबलावर. त्याला परत चार्जर लावलेला नाही. मी मागच्या महिन्यात गेले होते, तेव्हा ती चहा ठेवायला आत गेली आणि मी सहज त्याच्या झाकणावर हात ठेवला...

कोमट होतं. आणि तळव्याखाली काहीतरी हळूच वाजत होतं.

मी ओरडलेच. ताई दारात आली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"फेकून का देत नाहीस गं?" मी विचारलं.

"फेकला तर परत तिकडे जाईल," ती म्हणाली. "चल, चहा झालाय."