पाच दगडांची खूण

मुथामाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता. म्हणजे मला तरी तसंच वाटलं.

भर दुपारी, काळ्या खड्यांच्या उतारावर, पालथा पडलेला. नाक जमिनीला टेकलेलं, हात पसरलेले. मी कोरड्या नदीतल्या खड्ड्यातून पाणी भरून घरी निघाले होते. आमच्या तुर्काना या वाळवंटी मुलखात दुपारी बारा वाजता उघड्यावर शेळीसुद्धा झोपत नाही, मग माणूस कशाला झोपेल? मी कॅन डोक्यावरून उतरवला आणि त्याच्या मानेवर ओंजळभर पाणी ओतलं. पाणी ही काही आमच्याकडे उधळायची वस्तू नाही... पण माणूस देखणा होता.

प्रेताने एकदम डोकं वर केलं.

"हलू नकोस!"

"अगं बाई!"

"पाय उचलू नकोस. तसाच... तसाच ठेव. आता हळूच मागे घे."

मी पाय मागे घेतला. माझ्या टायरच्या चपलेखाली बोटाएवढा काळा खडा होता. तो माणूस सरपटत जवळ आला, नाकाने वास घ्यावा इतका खाली वाकला आणि असा हसला, की मला त्या खड्याचा हेवा वाटला.

"डुक्कर," तो म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?"

"तुला नाही गं! हा दात. डुकराचा. पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीचा." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, गळ्यातल्या मण्यांच्या थरांपासून वर डोळ्यांपर्यंत. "तू... तुझं नाव काय?"

"अकुआम. आणि तू जिवंत आहेस हे घरी जाऊन सांगायला हवं, नाहीतर मी उगाच पाणी सांडलं म्हणून आई बोलेल."

तो कांबा जमातीचा होता, खाली दक्षिणेतल्या मकुएनीच्या डोंगरांतला. त्याचे वडील याच उतारांवर हाडं शोधत म्हातारे झाले होते. आमची दोघांची बोली वेगळी, म्हणून आम्ही स्वाहिलीत बोललो. तेवढ्या बोलण्यात त्याने हिशेब काढला की मी सात वर्षं शेळ्यांच्या मागे मान खाली घालून चालते आहे आणि खुराच्या ठशावरून हरवलेली शेळी शोधते.

"मग दात का नाही शोधणार? ये उद्या छावणीवर."

"आणि शेळ्या?"

"शेळ्यांना दात नसतात का? त्यांना सांग, नातेवाइकांकडे चाललेय."

मी गेले. हाडं शोधणाऱ्यांच्या त्या छावणीचे प्रमुख होते मझे न्झुकी. मझे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात. पांढरे केस, दुखरे गुडघे आणि बोलणं मोजकं. त्यांनी मला एका उतारावर सोडलं. संध्याकाळपर्यंत मी हरणाचे दोन मणके आणि मगरीचा एक दात दाखवला. त्यांनी मान हलवली, आणि मी शोधणाऱ्यांच्या रांगेत सामील झाले. मला ते काम इतकं आवडलं की मी झोपेतसुद्धा खडे उलटे करायचे.

नियम एकच होता, पण तो देवाच्या आज्ञेसारखा. सापडलेलं हाड जागेवरून हलवायचं नाही. शेजारी पाच दगडांचा छोटा ढीग करायचा आणि मझेंना बोलवायचं. हाड कुठे पडलं होतं हे कळलं नाही, तर ते किती जुनं, कुठल्या थरातलं, काहीच कळत नाही. मग त्या हाडाचा उपयोग शून्य. "खऱ्या खुणेला हात लावणारा," मझे म्हणायचे, "पुढच्या ट्रकने घरी."

आता खरं सांगते, खोडी मी काढली.

एकदा मुथामा ज्या उतारावर जाणार होता तिथे मी आधीच पाच दगड रचले आणि त्यांच्याखाली एक एंगोल ठेवलं. एंगोल म्हणजे आमच्या ताडाचं तपकिरी फळ, कडक, पण चघळलं की गुळासारखं लागतं. मी खडकाआड लपून बघत होते. तो आला, खूण बघितली, पालथा पडला. अर्धा तास! इंचाइंचाने नाक फिरवत राहिला. शेवटी दगड बाजूला केले आणि फळ हातात घेऊन बसला.

"शेळीवाली!" तो ओरडला. "बाहेर ये!"

"सापडलं का काही?"

"सापडलं. फार दुर्मिळ जात दिसतेय. लबाड, लांब मानेची, आणि... हसताना नाक फुगवणारी."

दुसऱ्या दिवशी माझ्या वाटेवर पाच दगड होते. खाली एक निळा मणी. मी तो गळ्यात ओवला, त्याला दिसेल असा. तो मणी बघून जेवताना त्याची उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ताटातच राहिली. मग रोजच सुरू झालं. कधी फळ, कधी पिसं, एकदा तर त्याच्या आईने पाठवलेल्या वाळवलेल्या आंब्याची फोड. तिला मुंग्या लागल्या होत्या. मी मुंग्या झटकून खाल्ली.

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. "कांबा आहे ना तो? त्याच्या घरी उंट किती?" आमच्यात नवरदेव मुलीच्या घरी उंट देतो.

"आंब्याची झाडं आहेत."

"झाडं चालत येणार आहेत का आपल्या दारात?"

ती असं म्हणाली खरी, पण तो निळा मणी तिने स्वतःच्या हाताने पुढच्या थरात ओवून दिला.

हंगाम संपायला आठवडा उरला होता आणि ज्यासाठी सगळी धडपड, ते आदिमानवाचं एकही हाड मिळालं नव्हतं. त्या दिवशी दुपारी मझेंनाच उतारावर पाच दगड दिसले. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. दुखरे गुडघे टेकून खाली बसले, मग पालथे झाले. आम्ही बारा जण श्वास धरून उभे. मी तर श्वास धरला नव्हताच, तो गेलाच होता... कारण ते दगड माझे होते. अर्ध्या तासाने मझे उठले. त्यांच्या हातात एंगोल होतं.

"हे किती लाख वर्षांचं?" त्यांनी विचारलं.

ते फळ त्यांनी एकेकाच्या नाकासमोर धरलं.

"नाव विचारत नाही मी. संध्याकाळच्या आत सगळ्या खोट्या खुणा निघाल्या पाहिजेत. खुणेवर विश्वास नाही राहिला, तर आपल्याजवळ राहिलं काय?"

मी लाजेने अर्धमेली झाले. रचलेला ढीग अन् ढीग मोडला. परतताना राखाडी उतारावर अजून एक दिसला. माझा नव्हता. म्हणजे मुथामाचा, माझ्यासाठी! मी धावत गेले, दगड उचलून बघितले. फळ नाही. मणी नाही. पीससुद्धा नाही. एवढा आळस? की दुपारच्या बोलण्याने घाबरला आणि विसरला मला? डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि रागाच्या भरात मी त्या पाचही दगडांना लाथ मारली. गडगडत गेले खाली.

सकाळी छावणीत वेगळीच गडबड. मुथामा मझेंना सांगत होता, "काल आपल्या... म्हणजे, त्या खोट्या खुणा काढता काढता दिसला. जबडा! माणसाचा! तीन दाढा जागच्या जागी. मी खूण करून ठेवलीय, राखाडी उतारावर. परतायला रात्र झाली, म्हणून काल सांगता आलं नाही."

राखाडी उतार? मी माझ्या ठणकत्या अंगठ्याकडे पाहिलं.

आम्ही सगळे तिथे गेलो. उतार तासभर चालावा इतका लांब, आणि सगळीकडे सारखेच खडे. पहाटेच्या वाऱ्याने पावलांचे ठसे पुसून टाकले होते. खूण कुठेच नव्हती. मुथामा इकडून तिकडे फिरला, वाकला, परत फिरला. त्याचं तोंड उतरत गेलं.

"काल दुपारी मी खोट्या खुणांवरून बोललो," मझे हळू आवाजात म्हणाले, "आणि संध्याकाळी तुला जबडा सापडतो?"

"मझे, मी खरं..."

"तुझा बाप वीस वर्षं माझ्याबरोबर याच मातीत होता. एकदाही न सापडलेलं सापडलं म्हणाला नाही. शनिवारच्या ट्रकने घरी जा, पोरा."

मुथामाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. नक्की कळलं होतं, कारण काल तोच उतार मी साफ केला होता. पण एक शब्द बोलला नाही वेडा! बापाचं नाव मातीत गेलं तरी चालेल, पण मला घरी पाठवणार नव्हता.

मी बोलले तर हे काम संपलं, मला माहीत होतं. पुन्हा शेळ्या, पुन्हा पाण्याचा कॅन. आणि तो राहील इथे, मी नसताना. हे सगळं माहीत असून पाय पुढे पडले.

"ती खूण मी मोडली, मझे."

"तू? का?"

"त्यात काही नव्हतं म्हणून."

"काय असायला हवं होतं?"

बारा जणांचे डोळे माझ्यावर. मला वाटलं, आता अर्धवट कशाला बोलायचं!

"माझ्यासाठी काहीतरी. बाकीचे ढीग आमचेच होते, माझे आणि त्याचे. कालचं ते फळही माझंच. या ढिगात काही नव्हतं, म्हणून मला वाटलं, हा मला विसरला. मला... मला हा आवडतो. फार आवडतो. म्हणून राग आला आणि लाथ मारली."

कुणीतरी खोकलं. मुथामा काळा आहे म्हणून बरं, नाहीतर त्याचे कान लाल झालेले सगळ्यांना दिसले असते.

मझेंनी डोळे मिटले, उघडले. "दगड कसे होते?"

"अं?"

"लाथाडलेस ते. कसे होते?"

आणि मला आठवलं. माझा अंगठा अजून ठणकत होता, पण कापला नव्हता. "गुळगुळीत! गोल. या उतारावर सगळे धारदार खडे आहेत, मझे. ते नदीतले होते."

"मी नदीतून आणले होते," मुथामा कुजबुजला. "इथे मोठे दगडच नव्हते."

मग आम्ही जबडा शोधायचं सोडून गुळगुळीत दगड शोधायला लागलो. एक मिळाला पायथ्याशी. दुसरा झुडपात. तिसरा, चौथा... मी जिथून लाथ मारली तिथून ते पंख्यासारखे पसरले होते. चारही जागांवरून वर रेषा काढत गेलं की त्या एका ठिकाणी जुळत होत्या. तिथे सगळे पालथे पडलो, खांद्याला खांदा लावून. माझ्या डावीकडे मुथामा. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता आणि कधी नव्हे ते माझं खड्यांकडे लक्ष नव्हतं.

"समोर बघ," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"बघतेय."

"माझ्याकडे नाही गं. समोर."

दोन वितींवर, मातीतून डोकावणाऱ्या तीन दाढा. कणसातल्या दाण्यांसारख्या ओळीत, तपकिरी, चकचकीत. मी हात नाही लावला. नुसती ओरडले. मग सगळेच ओरडले, आणि मझे न्झुकी गुडघे विसरून खाली बसले.

बराच वेळ ते बघत राहिले. "अक्कलदाढ आत्ताच कुठे वर येतेय," ते म्हणाले. "तुमच्याच वयाचं आहे हे पोर."

मी त्या दाढांकडे बघत राहिले. उताराखाली दूरवर चमकणाऱ्या याच खाऱ्या तळ्याकाठी, याच वाऱ्यात ते पोर चालत असणार, कुणाच्या तरी मागे मागे. मला त्याची एकदम माया वाटली.

शुक्रवारी जबडा मोकळा झाला. कापसात गुंडाळून, लाकडी डब्यात बसवून झाल्यावर मझेंनी मला बोलावलं.

"नियम म्हणजे नियम, अकुआम. खुणेला हात लावलास. उद्याच्या ट्रकने तू जाणार."

"हो, मझे." मी जायला वळले.

"ट्रक नैरोबीच्या संग्रहालयात जातोय. दोन दिवसांचा रस्ता, नुसते खड्डे. हा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, मांडीवर धरायचा. माझ्या मांड्या आता चालत नाहीत. तिथे दाढा साफ करायला शिकवतात, तेही शिकून घे."

"पण... मग मी घरी..."

"नियमात जायचं सांगितलंय. परत येऊ नये असं मी कधी म्हणालो का?"

मी त्यांच्या पायाशीच बसले. हसत होते की रडत होते कोण जाणे.

शनिवारी सकाळी तळ्याकडून वारा सुटला होता. सगळी मंडळी ट्रकभोवती जमली. आईसुद्धा आली होती, बाटलीभर शेळीचं दूध घेऊन. मी डबा मांडीवर घेऊन पुढे बसले. मुथामा खिडकीशी आला.

"डबा सांभाळ."

"सांभाळते."

"वळणावर घट्ट धर."

"धरते. अजून काही?"

"अजून..." त्याने मागे पाहिलं. छावणीतले सगळे आणि माझी आई, कान टवकारून. "अजून काही नाही."

"अजून काही नाही?" मी मोठ्याने म्हटलं. "परवा मी एवढ्या लोकांसमोर बोलले. आता तुझी पाळी आली तर जीभ गिळलीस? ड्रायव्हर भाऊ, चला!"

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. ट्रक हलला. मुथामा बरोबर चालायला लागला, मग पळायला.

"अकुआम! थांब... ऐक..."

"ऐकू येत नाही!"

"मला तू आवडतेस!" तो इंजिनाच्या वर ओरडला. "पहिल्या दिवसापासून! मानेवर पाणी पडलं तेव्हापासून! मझेंना घेऊन येतो तुझ्या वडिलांकडे... उंट नाहीत, पण मिळवीन! लग्न करशील ना माझ्याशी?"

मागे सगळ्या छावणीने एकच गलका केला. आईचा आवाज त्यात सगळ्यात वरचा होता. "किती उंट, ते विचार!"

धुळीतून त्याचा चेहरा दिसत होता, धाप लागलेला, घाबरलेला, आणि माझा. दोन्ही हात डब्यावर होते, त्यामुळे मला ना हात हलवता येत होता, ना डोळे पुसता येत होते. म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि घसा फाटेपर्यंत ओरडले,

"हो! हो! हो!"