आप्पांच्या मुठीतली सुपारी

सरका जरा, आन् ते मोबाईल खिशात घाला. ही काय ऐकीव गोष्ट न्हाय, आमच्या शंभुलिंगावर बेतलेली हाय. शंभूला खोटं बोलायचं म्हणलं की बोलायच्या आधीच घाम फुटतो, तवा शंका काढायची न्हाय.

गेल्या साली, पौषातली अवस. मंगळवार. रात्रीचे सव्वानऊ. शंभू लोहाऱ्याहून म्हशीसाठी पेंडीचं पोतं घेऊन गाडीवर गावाकडं निघालेला. थंडी लई. मनात मात्र एक गोष्ट सलत हुती.

तीन दिवसांमागं गावातले शिवलिंगप्पा, आमचे आप्पा, गेले हुते. आमच्या लिंगायतांत मढं जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, आन् जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर देतात. तेवढंच संगं न्यायचं, आन् शिवात मिसळायचं. खड्ड्यात उतरून आप्पांना शंभूनंच बसवलं. लिंग द्यायचं काम पोराचं, सोमलिंगाचं. तर लिंगाची चांदीची डबी उघडंना. झाकण जाम! फोडावी तर चांदी खराब हुईल. ह्या बहाद्दरानं काय करावं? लिंगासकट डबी खिशात घातली, आन् बापाच्या मुठीत चिंधीत गुंडाळलेली सुपारी ठिवली. शी! थू त्याच्या जिनगानीवर! शंभूनं ते बघितलं, पण मढ्यापुढं तमाशा नको म्हणून गप ऱ्हायला. गप बसणाराबी काय धुतल्या तांदळाचा नसतो, बाबांनो.

तर मसणवाटेपाशी गाडी बंद पडली. आन् वास आला. मेलेला उंदीर कुजावा तसला. पेंड नासली का काय म्हणून शंभूनं पोत्याला नाक लावलं. पेंड ताजी.

वास वाढला.

बांधावर कोणतरी मांडी घालून बसलेलं.

"आप्पा... तुमी?"

डावा हात पुढं आला. तळव्यावर सुपारी. सुपारीत अळ्या. बोटांच्या फटीतनं अळ्या... खाली पडत हुत्या.

"शंभू... ह्याची पूजा कशी करू रं?"

शंभू मागं सरकला.

"तू बघितलंस... घे. तूच खा."

हात तोंडापाशी आला. शंभू भडाभडा ओकला. गाडी, पोतं तिथंच टाकून पळाला, ते थेट सोमलिंगाच्या दारात.

सोमलिंग तोंडात गुटखा धरून ओसरीवर बसलेला.

"लिंग कुठं हाय?"

"सोनारानं काढून दिलं की. हाय तिथं कोनाड्यात. डबी आटवून हातातलं हे कडं केलं बघ, कसं झ्याक झालंय!"

कोनाड्यात गुटख्याच्या पुड्या. लाल थुंकीनं भरलेला डबा. आन् त्याला चिकटून आप्पांचं लिंग. शंभूनं सोमलिंगाच्या कानफटात अशी हाणली की तोंडातला लगदा कुडावर उडाला.

आप्पांची बायको इरम्मा उठून आली. तिला सगळं कळलं. पोराकडं तिनं बघितलंबी न्हाय. लिंग तीनदा धुतलं, पदरानं पुसलं, शंभूच्या हातावर ठिवलं.

"ज्याचं त्याला पोचव रं बाबा. ते तिथं रिकाम्या हातानं बसलेत."

शंभू एकटाच गेला. समाधीची माती हातानं उकरली. कोपरापातूर. डावा हात खाली सोडला, लिंग मुठीत.

खालनं कुणीतरी हात धरला.

गार. लिबलिबीत.

लिंग घेतलं...

हात सोडला न्हाय.

किती येळ... ते शंभू सांगत न्हाय.

सकाळी त्याच्या डाव्या तळव्यावर विभूतीचे तीन पट्टे. चिंचेनं घासलं, साबण लावला, रॉकेल लावलं. जात न्हाईत. आप्पांचा आशीर्वाद म्हणावा, तर पट्ट्यांना अजून त्या रातचा वास येतो. रोज आंघोळ करून शंभू आपल्या गळ्यातलं लिंग त्याच तळव्यावर घेतो, आन् पूजा हुईस्तोवर नाक दाबून बसतो.