शुक्रवारचे तिरामिसू

"मला चोर नकोय," आस्सुंता काकू खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या. "मला माझी रोदिका हवीय. आणि वेळ फक्त उद्या सकाळपर्यंत आहे."

नीवेस कावाझिनने समोरची फाइल मिटली. त्रेविझो शहरात खासगी तपासाचा धंदा म्हणजे विम्याचे खोटे दावे आणि लोकांचे नवरे. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई काठी टेकत दोन जिने चढून येते, हे काही रोजचे नव्हते.

नीवेसचा दीर ईवो दाराशी उभा होता. सदतीस वर्षे त्याने या शहरात टपाल वाटले आणि निवृत्त झाल्यावर मदतीला म्हणून तो वहिनीच्या ऑफिसात येऊन बसू लागला. प्रत्येक दारावरची घंटी त्याला पाठ होती. दारामागे काय चालले आहे, ते मात्र त्याला कधीच कळले नाही.

"सुरुवातीपासून सांगा, काकू," नीवेस म्हणाली.

काकूंनी सांगितले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने दिलेला लाल खड्यांचा ब्रोच. तो डबीत असतो आणि डबी पॅसेजमधल्या खणात. आज सकाळी त्यांनी स्वतः तो पुसून ठेवला. दुपारी तीन ते साडेचार त्या झोपतात, कानातले यंत्र काढून. तेवढा वेळ रोदिकाचा. ती बाहेर जाते. रोदिका मोल्दोव्हाची, तीन वर्षे काकूंना सांभाळते आणि तिथेच राहते. पाच वाजता समोरच्या फ्लॅटमधली पुतणी लोरेदाना नेहमीप्रमाणे शुक्रवारचे तिरामिसू, कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांची मलईदार मिठाई, घेऊन आली. रविवारच्या, नात्यातल्या बारशाला ब्रोच लावायलाच हवा म्हणाली, खण उघडला, तर डबी रिकामी.

"कुलूप?"

"शाबूत. किल्ल्या तीन. रोदिकाकडे, लोरेदानाकडे आणि वरच्या ओत्तोरीनोकडे. मी पडले-झडले तर असावी म्हणून."

"संशय सरळ रोदिकावर गेला असेल."

"लोरेदाना म्हणते, उद्या सकाळी पोलिसांत तक्रार करायची. रोदिका घराबाहेर आणि मी वृद्धाश्रमात. जागासुद्धा बघून ठेवलीय तिनं." काकूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "एकटी मी राहू शकत नाही, हे खरंय हो. पण मला माझ्याच पलंगावर मरायचंय."

"आणि लोरेदाना स्वतः?"

"दोन वर्षं ती आमच्या मधल्या भिंतीकडे बघतेय. पाडली की मोठा हॉल होतो म्हणे. पण तिनं नेला म्हणावं, तर ती दुपारभर स्वयंपाकघरात होती. ते तिरामिसू माझ्या टेबलावर आहे की!"

"रोदिकावर एवढा विश्वास?"

"सगळं घर तिच्या हातात दिलंय. एक मोका सोडून, माझं गॅसवर कॉफी करायचं भांडं. आली त्या आठवड्यात तिनं माझा मोका साबणानं घासला."

"साबणानं?" ईवोने छातीवर हात ठेवला.

"बारा वर्षांची चव मोरीत गेली. तेव्हापासून माझी कॉफी मीच करते. पण म्हणून ती चोर होत नाही."

सिले नदीच्या काठची ती तीन मजली इमारत ईवोच्या जुन्या हद्दीतली. जिन्याच्या तोंडाशी टपोऱ्या अक्षरांत कागद चिकटवला होता. 'अंड्यांची टरफले, कॉफीचा चोथा, फळांच्या साली: तपकिरी डबा. फक्त तपकिरी डबा! — लोरेदाना झानात्ता.'

"ही बाई फार कडक," ईवो कुजबुजला. "मी एकदा पाकिटाचं रबर कागदाच्या डब्यात टाकलं, तर रस्त्यापर्यंत मागे आली होती."

रोदिका स्वयंपाकघरात कोट घालूनच बसली होती. पायाशी बांधलेली बॅग होती. पन्नाशीची, रुंद हातांची बाई.

"बॅग त्यांनी उपसून बघितली," ती म्हणाली. "काही नाही निघालं, तर म्हणाल्या, विकलास. तुम्हीही बघा."

"बघायची गरज नाही. दुपारी कुठे होतीस?"

"नदीवर. बाकावर."

"कुणी पाहिलं?"

"बदकांनी." ती हसली नाही. "मी तिथे रोज बसते, बाई. दीड तास कुणी मला हाक मारत नाही, म्हणून बसते."

"हे काही चांगलं झालं नाही," ईवो वहिनीच्या कानाशी लागला. "बदकांची साक्ष कोण घेणार?"

वरच्या मजल्यावरच्या ओत्तोरीनोने दार उघडले तेच कुरकुरत. सत्तरीचा माणूस, पायात लोकरी चपला.

"दुपारी अडीच ते पाच मी कोपऱ्यावरच्या बारमध्ये पत्ते खेळत होतो. चौघं होतो, आणि हरत होतो. विचारा कुणालाही."

"होय वहिनी, मी दुपारी बारवरून जाताना पाहिलं यांना," ईवो म्हणाला. "चेहराच हरल्याचा होता."

"काकूंची किल्ली?"

ओत्तोरीनोने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवले. किल्लीवर धूळ होती. "वर्षभर हात लागला नाही. आणि बाई, चोरबिर नंतर बघा, आधी त्या खालच्या लोरेदानाचं काहीतरी करा. मिक्सर लावते तो थेट माझ्या पलंगाखाली. काल रात्री जेवणानंतर बातम्यांतलं एक अक्षर ऐकू दिलं नाही."

"काल? गुरुवारी?"

"गुरुवारीच. मंत्री बोलत होता. तसं फार नुकसान झालं नाही म्हणा."

खाली काकूंच्या टेबलावर लोरेदाना बशा मांडत होती. पंचेचाळिशीची, नीटनेटकी, आवाजात साखर. चौघांपुरते छोटे काचेचे भांडे, त्यातला एक कोपरा कापलेला.

"चोरी झाली म्हणून पाहुण्यांना उपाशी ठेवायचं का? घ्या. दोनच अंडी, पाव किलो मस्कार्पोने चीज, मोजकी बिस्किटं. आमच्याकडे दारू घालत नाहीत हं त्यात."

"कधी केलंत?" नीवेसने विचारले.

"आजच, दुपारी. तीनला मोका गॅसवर चढवला. कॉफी पार गार व्हायला तास जातो, गरम कॉफीत बिस्किटांचा लगदा होतो. तोवर पिवळं साखरेशी फेटलं, पांढरं वेगळं फेटलं. साडेचारला फ्रिजमध्ये. पाचला इकडे आणलं आणि काकूसमोर वरून कोको चाळला. विचारा तिला."

"चाळला," काकू नाइलाजाने म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत होते. ईवोला मात्र घड्याळाशी देणेघेणे नव्हते. त्याच्या बशीत दुसरा तुकडा पडला होता.

"वा! कड बघा, वहिनी, सुरीनं आखल्यासारखी. मलई कशी उभी राहिलीय. आणि बिस्किट कुठे संपतं नि मलई कुठे सुरू होते, जिभेला कळतच नाही! नाहीतर तुमचं नाताळातलं. ताटभर पळालं होतं."

"पाहुणे लवकर आले, भावजी. करून अडीच तासांत वाढावं लागलं होतं."

"आणि मधली बिस्किटं दाताखाली करकरत होती."

"आठवण करून दिल्याबद्दल आभारी आहे," नीवेस म्हणाली आणि स्वतःच्या बशीतला तुकडा चमच्याने कापून थोडा वेळ बघत राहिली. मग उठली. "लोरेदानाबाई, यावर एक कॉफी झाली तर? तुमच्याकडे. काकूंना उगाच त्रास नको."

लोरेदानाचे स्वयंपाकघर लखलखीत होते. ओट्यावर कॅप्सूलचे कॉफी यंत्र, शेजारी मिक्सर, आणि गॅसवर तीन कपांचा ॲल्युमिनियमचा मोका, झाकण घट्ट बसवलेला. ईवोने टोपी ठेवायला जागा करावी म्हणून तो बाजूला सारला. आत काहीतरी खुळखुळले.

"राहू दे, राहू दे!" लोरेदानाने चटकन मोका उचलून वरच्या फळीवर ठेवला. "त्याचं रबर गेलंय. आठवडा झाला, वाफ बाजूने निघते. कुठला तरी स्क्रू सुटला असेल. मी यंत्रावर करते."

यंत्राची कॉफी आली. ईवोने तोंड वाकडे केले, पण प्यायला. टेबलावरच्या टोपलीतले एक मँडरीन त्याने न विचारता सोललेही. नीवेसने त्याच्या हातातल्या साली घेतल्या, सिंकखालचे दार उघडले आणि तपकिरी डब्यात टाकल्या. डब्यात नवी पिशवी होती. तिच्या तळाशी त्या सालींशिवाय काहीच नव्हते.

"किती स्वच्छ!"

"ओला कचरा आज पहाटेच गेला ना. गाडी गेली की मी लगेच पिशवी बदलते."

"लोरेदानाबाई," नीवेस म्हणाली, "सगळ्यांना इथेच बोलावू या. पाच मिनिटांचं काम आहे."

काकू खुर्चीवर बसल्या. रोदिका कोट न काढता दारातच उभी राहिली. ओत्तोरीनो लोकरी चपला घासत आला. ईवोने वहिनीला हळूच विचारले, "कोणी घेतला? ओत्तोरीनोनेच ना? किल्लीवरची धूळ मला जरा जास्तच वाटली."

"भावजी, तुम्ही खाल्लंत तेव्हाच अर्धा तपास झाला होता. आता गप्प बसा." नीवेस टेबलाशी उभी राहिली. "किल्ल्या तीन. ओत्तोरीनो बारमध्ये होते, ते भावजींनीही पाहिलं. रोदिकाकडे साक्षीदार नाही. लोरेदानाबाईंचा साक्षीदार म्हणजे हे तिरामिसू. म्हणून मी त्यालाच प्रश्न विचारले."

"आता मिठाईशी बोलणार का?" लोरेदाना हसली.

"आजच केलेलं तिरामिसू संध्याकाळी सातला कसं असतं? माझं नाताळातलं होतं तसं. पळतं, आणि बिस्किट करकरतं. त्याला एक रात्र लागते, तेव्हा कॉफी बिस्किटाच्या गाभ्यापर्यंत जाते आणि मलई आवळते. तुमचं सुरीनं आखल्यासारखं निघालं. ताजा होता तो फक्त कोको, आणि तोच तुम्ही सगळ्यांना दाखवलात."

"माझा हात चांगला आहे, म्हणून जमलं."

"असेल. पण दोन अंडी फोडलीत, त्यांची टरफलं कुठे गेली? मोका चढवलात, त्याचा चोथा कुठे गेला? कचरा पहाटे गेला, तुमचं तिरामिसू दुपारचं. मग तपकिरी डब्यात दोन्ही हवं होतं. डबा कोरा आहे."

"दुसऱ्या डब्यात टाकलं असेल!"

मग ओत्तोरीनो खो खो हसत सुटला. "तू? टरफलं? दुसऱ्या डब्यात? अगं, गेल्या वर्षी एका टी-बॅगसाठी तू माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस!"

लोरेदाना लाल झाली. स्वतःचाच कागद तिला असा नडेल, हे तिच्या ध्यानीमनी नसावे.

"टरफलं कालच्या पिशवीत गेली," नीवेस पुढे म्हणाली, "कारण तिरामिसू काल रात्री झालं. बातम्यांच्या वेळी मिक्सर चालू होता, हे ओत्तोरीनोंनी चोरीशी संबंध न लावता सांगितलं. म्हणजे आज तीन ते साडेचार तुम्हाला काहीच काम नव्हतं. काकू झोपेत, कानात यंत्र नाही, रोदिका नदीवर. तुमच्याकडे किल्ली."

"मी खोटं बोलले असेन. म्हणून ब्रोच माझ्याकडे आला होय? शोधा घर!"

"घर नको. काकूंच्या टेबलाशी तुम्ही म्हणालात, तीनला मोका गॅसवर चढवला. इथे म्हणालात, त्याचं रबर आठवड्यापूर्वी गेलं. दोन्ही खरं असू शकत नाही. आणि मोक्यात खुळखुळणारा स्क्रू मी तरी पाहिलेला नाही. भावजी, तुम्ही पाहिलाय?"

"मोक्यात स्क्रू नसतोच," ईवो म्हणाला. मग त्याचे तोंड उघडेच राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं, दुसऱ्याचा मोका आपल्याकडे कुणी उघडत नाही. पोलीस आले असते तरी त्यांनी कपाटं उघडली असती, मोका नाही. भावजी, काढा तो खाली."

ईवोने फळीवरून मोका घेतला, फिरवून उघडला आणि तळाचे भांडे काकूंच्या तळहातावर उपडे केले. ब्रोच कोरडा होता, खडे लाल. एकही हरवला नव्हता.

लोरेदाना खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मी विकणार नव्हते, काकू. तू तिकडे सुखात असतीस. तिथे डॉक्टर आहे, बाग आहे..."

"आणि इथे हॉल," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता. "तू मागितला असतास तर हा ब्रोच मी तुला बारशालाच दिला असता, लोरेदाना. आता किल्ली ठेव."

किल्ली टेबलावर आली. काकू काठी टेकत उठल्या आणि दारातल्या रोदिकापाशी थांबल्या.

"पोलिसांत जाणार?" नीवेसने मागून विचारले.

"रविवारी बारसं आहे. घरचं माणूस आहे, घरातच शरम वाटू दे." मग त्यांनी रोदिकाच्या कोटाचे वरचे बटण स्वतः काढले. वेळ लागला. "बॅग उचल. आणि घरी जाऊन कॉफी टाक, त्या यंत्राच्या पाण्यानं पाहुण्यांचं तोंड कडू झालं असेल. आपल्या सगळ्यांपुरती टाक."

रोदिका जागची हलली नाही. "कशात करू, सिन्योरा?"

"कशात म्हणजे? माझ्या मोक्यात."

रोदिकाने ओठ घट्ट मिटले. बॅग उचलून ती पॅसेजमधून चालू लागली, आणि उघड्या दारातून तिचा आवाज आला. "आणि मग नुसत्या पाण्यानं धुवायचा. माहितीय मला."

"तीन वर्षं लागली," काकू पुटपुटल्या आणि काठी टेकत तिच्यामागे गेल्या.