गोधडीतला रिकामा चौकोन

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी वाचून सोडून द्यावं.

घर आमचंच. दिवस गेल्या वसंतातले. आणि वेळ दुपारची. भुतंखेतं रात्रीच येतात असं मीही मानत होते. पण आमच्याकडे जे झालं ते लख्ख उजेडात झालं. खिडक्या उघड्या होत्या आणि खालचे शेजारी बागेला पाणी घालत होते.

मी गोधड्या शिवते. थंडी सरली की माझ्याकडे कामाची झुंबड उडते. बाळांच्या मऊ गोधड्या, उन्हाळ्यासाठी पातळ पांघरुणं, असं बरंच काही. घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि आमची सात वर्षांची मुलगी. ती घरभर गरगरत असते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातात.

सासूबाई म्हणायच्या, "ही पोरगी चालत नाही, वाजते."

एका रविवारी आम्ही सगळे जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. नवऱ्याला जुन्या घड्याळांचं वेड, मला जुन्या कापडाचं. गाडीतून उतरता उतरताच सासूबाईंनी सुरुवात केली. "जुनं विकत कशाला घ्यायचं? घरात मी आहे तेवढं पुरत नाही का?"

अगदी टोकाच्या दुकानात मला ती गोधडी दिसली.

चौकोनी तुकड्यांची. सगळी हातशिलाई. टाके इतके बारीक, की मी त्यांवरून नख फिरवून पाहिलं. प्रत्येक तुकडा वेगळ्या कपड्याचा होता. एक जाड कोटाचा, एक फुलाफुलांच्या झग्याचा, एक कुठल्यातरी बाळाच्या झबल्याचा.

आणि मधोमध एक चौकोन... रिकामा.

फाटलेला नव्हता. तिथे तुकडा लावलेलाच नव्हता. नुसतं अस्तर दिसत होतं.

दुकानदार म्हणाला, "ताई, ती जागा तशीच असू द्या हं."

"का बरं?"

"माझ्याकडे आली तशीच आली. मी हात लावला नाही. तुम्हीही लावू नका."

मला हसू आलं. गोधड्या शिवणाऱ्या बाईला रिकामी जागा दाखवायची आणि वर सांगायचं, हात लावू नको. कसं जमणार? घरी भिंगरीचा लहान झालेला पिवळा फ्रॉक होता. रंग असा काही जुळला की मी दुसरा विचारच केला नाही. दुपारभर बसून चौकोन भरला आणि मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते.

शिवणाच्या खोलीतून आवाज आला.

सर्र... टक्.

सर्र... टक्.

जाड कापडातून दोरा ओढल्याचा, आणि मग सुईला बोटातल्या अंगुस्तानाने रेटल्याचा. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. घरात दुसरं कोणीच शिवत नाही. माझं अंगुस्तान तर माझ्या खिशात होतं.

मी गेले. आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं. गोधडीची घडी मात्र मोडलेली होती.

मी मनाला समजावलं, खालच्या मजल्यावर काहीतरी ठोकाठोकी चालली असेल. कामाच्या रगाड्यात विसरूनही गेले.

पुढच्या रविवारी आम्ही तळ्यावर सहलीला गेलो. गाडी लावतात तिथून पाण्यापर्यंत खडीचा रस्ता आहे. हवा छान होती, झाडांना कोवळी पालवी फुटली होती. आमच्या पायांखाली खडी करकरत होती. भिंगरी पुढे धावत सुटली होती.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळेना.

मग कळलं.

ती खडीवरून धावत होती... आणि आवाज येत नव्हता.

नवरा नावेची तिकिटं घेऊन आला. तीन.

"आणि भिंगरीचं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोणाचं?"

थट्टा करतोय असं वाटलं. पण तो खरंच आठवत होता. मग त्याने कपाळावर हात मारला. "अगं हो की! डोकं ठिकाणावर नाही माझं." तो हसत हसत परत रांगेत गेला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंगरीचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्या आठवड्यात मी शाळेत तिला आणायला गेले तर फाटक बंद. तिच्या बाई म्हणाल्या, "सगळी मुलं गेली की."

भिंगरी त्यांच्या मागेच उभी होती.

घरी आल्यावर मी भाजी चिरत होते. सहज मान वर केली. भिंगरी समोर उभी होती. तिचे ओठ हलत होते, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा आवाज आला. तोही लांबून.

"आई, मी केव्हाची हाका मारतेय."

मला तिच्या पिवळ्या फ्रॉकचा तो चौकोन आठवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानदाराला गाठलं. त्याने मला लगेच ओळखलं.

"जागा भरलीत ना?" तो म्हणाला.

"कोणाची आहे ही गोधडी?"

"एका घरातली. शेवटी तिथे एकच बाई उरली होती. प्रत्येक तुकडा घरातल्या एकेका माणसाच्या कपड्याचा, एवढं ती सांगायची. पण कोणता कोणाचा, ते तिला सांगता येईना. घरात कोण कोण होतं, तेही नाही."

"मग ती माणसं गेली कुठे?"

"तेच तर. कोणी गेल्याचं कोणालाच आठवत नाही."

मी म्हटलं, फुकट घ्या, पण परत घ्या. त्याने हात जोडले.

मी तशीच घरी आले आणि उसवायला बसले. चौकोन मी शिवला होता. पण माझ्या टाक्यांच्या बाजूने... टाक्यांची आणखी एक ओळ होती. माझ्याहून बारीक. मी उजव्या हाताने शिवते. ती ओळ डाव्या हाताची होती.

मी कात्री घेतली. एकेक टाका कापला. शेवटचा दोरा सुटला आणि पिवळा तुकडा माझ्या मांडीवर पडला.

बाहेरच्या खोलीतून धाड धाड धाड पावलं वाजली. भिंगरी दारात येऊन म्हणाली, "आई, भूक लागली." मी तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडले.

पण संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गेले.

भिंगरीच्या निळ्या फ्रॉकचा एक चौकोन कापलेला होता. अगदी सरळ, कापड नीट मोजून कापतात तसा.

तो तुकडा गोधडीवर होता. रिकाम्या जागी. चारही कोपऱ्यांना टाचण्या लावलेला.

मी तो गॅसवर धरून जाळला. मग गोधडीही जाळायला निघाले. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"आत एवढी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना आग लावतेस?"

मी थबकले. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

गोधडी पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. त्या रात्री भिंगरीला कुशीत घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाची गोधडी पोचवून घरी आले, तर...

सर्र... टक्.

आवाज कोपऱ्यातल्या खोलीतून येत होता. सासूबाईंच्या.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर गोधडी, हातात सुई. किल्ली माझ्याच गळ्यात होती. रिकाम्या चौकोनात फिकट जांभळं कापड होतं. त्यांच्या नेहमीच्या गाऊनचं.

"आई, काय करताय? काढा ते."

"ओरडू नकोस. झालंच आहे." त्यांनी गाठ मारून दोरा तोडला. "जागा रिकामी राहिली की ती शोधत फिरते. सकाळी भिंगरीच्या कपाटाशी उभी होती."

"कोण?"

त्यांनी सुई नीट रिळात खोचली.

"मला हे करू दे," त्या म्हणाल्या. "माझं बघून झालंय गं. तिला अजून पुढचे दात यायचेत."

मी गोधडी ओढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्यांच्या हातात कुठून आला, मला माहीत नाही.

याला आता वर्ष होत आलं. पुन्हा झाडांना पालवी आली आहे. भिंगरीला पुढचे दात आले. ती दिवसभर वाजत असते.

सासूबाईंच्या सपाता वाजत नाहीत. परवा बाहेर जाताना नवऱ्याने गाडीची दारं लावून गाडी सुरू केली. त्याची आई पायरीवर पर्स घेऊन उभी होती.

उसवायची कात्री घेऊन मी त्यांच्या खोलीपर्यंत कितीदा तरी गेले आहे. दाराशी पोचते, तेवढ्यात भिंगरीची पावलं ऐकू येतात. मी परत फिरते. मला स्वतःची लाज वाटते, तरी मी परत फिरते.

म्हणून हे लिहून काढलं. आमच्या घरात चार माणसं आहेत. चार.

आज दुपारी कोपऱ्यातल्या खोलीचं दार बंद दिसलं. ती खोली आम्ही कशासाठी ठेवली आहे, ते मला आठवेना. शेवटी भिंगरीला विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई... ती आजीची खोली आहे."

मी धावत जाऊन दार उघडलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक पाणी मागत होत्या.